विश्लेषण : विमानातून टाकलेली रसद शत्रूच्या हाती का पडते?

यवतमाळ : युद्धात रस्ता तुटला की सैन्याला अन्न आणि दारूगोळा विमानातून पॅराशूटने टाकायचा, हे सिनेमात सोपे दिसते. मराठा सैनिकांनी मात्र 1944 मध्ये मणिपूरच्या एका टेकडीवरून ही रसद शत्रूकडे जाताना पाहिली.

सांगशाकमध्ये काय घडले?

मार्च 1944 मध्ये जपानी सैन्य इंफाळ-कोहिमाच्या दिशेने घुसले. वाटेतल्या सांगशाक गावाजवळ 50वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्यासोबतची मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन वेढ्यात अडकली. पाण्याची टंचाई होती. विमानांनी रसद टाकली, पण आपल्या ताब्यातली जागा इतकी लहान होती की बहुतेक पॅराशूट जपान्यांकडे उतरली. 26 मार्चच्या रात्री सैनिकांना वेढ्यातून बाहेर पडावे लागले.

नेम का चुकतो?

ढोबळ हिशेब करू. विमानाचा वेग ताशी 200 किमी असेल, तर ते सेकंदाला सुमारे 55 मीटर पुढे जाते. एक एकर चौकोनी शेताची बाजू साधारण 64 मीटर असते. म्हणजे पेटी ढकलायला एक सेकंद उशीर झाला की जवळपास एक शेत ओलांडले.

त्यात वारा. पेटी 180 मीटरवरून, सेकंदाला 6 मीटर वेगाने उतरली तर 30 सेकंद हवेत राहते. सेकंदाला 5 मीटर वाऱ्यात ती 150 मीटर सरकते. 5,000 मीटरवरून टाकली तर चार किमीहून जास्त. पण खाली उतरावे, तर विमान शत्रूच्या गोळीच्या टप्प्यात येते.

मग इंफाळ कसे टिकले?

इंफाळचा वेढा 22 जून 1944 रोजी उठला. तोवर तिथल्या धावपट्ट्या आपल्या हाती होत्या आणि आकाशावर मित्रराष्ट्रांचे वर्चस्व होते. त्यामुळे विमाने थेट उतरून माल देत होती. पॅराशूट कमी पडली तेव्हा जनरल स्लिम यांच्या सैन्याने कोलकात्यात तागाची स्वस्त पॅराशूट बनवून घेतली.

स्टालिनग्राडमध्ये उलट झाले. जर्मन सैन्याला रोज किमान 300 टन माल हवा होता, सरासरी निम्माही पोहोचला नाही. जानेवारी 1943 मध्ये धावपट्ट्या गेल्या, उरली फक्त पॅराशूट. 2 फेब्रुवारीला उरलेल्या सैन्याने शस्त्रे टाकली.

आज काय बदलले?

आग्र्यातील डीआरडीओच्या प्रयोगशाळेने डिसेंबर 2021 मध्ये 500 किलो वजन नेणाऱ्या पॅराशूटची चाचणी घेतली. एएन-32 विमानातून 5,000 मीटरवरून सोडलेले हे पॅराशूट जीपीएसच्या आधारे स्वतः दिशा बदलते. नेम सुधारला, पण 500 किलो म्हणजे कापसाचे पाच क्विंटल. हजारो सैनिकांचे पोट त्यावर फार दिवस भरत नाही.

बातमी वाचताना काय पाहावे?

आकाश कोणाच्या ताब्यात आहे, खाली जागा किती आहे आणि विमान उतरू शकते का? तिन्ही उत्तरे प्रतिकूल असतील, तर पॅराशूटने फक्त थोडा वेळ मिळतो. सुटका शेवटी रस्ता मोकळा झाल्यावरच होते.