एकवीस अंकांचा ताळा

दोनाचा सदुसष्टावा घात घेऊन त्यातून एक वजा केला असता १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या उरते. आणि शालेय अंकगणितात एखाद्याच मोठ्या संख्येस जागा द्यावयाची झाली, तर ती हिलाच द्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पॅरिसचे विद्याव्यासंगी धर्मोपदेशक मर्सेन यांनी १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या घाटाच्या मूळ संख्यांची जी यादी दिली, तीत हीही होती. सिद्धता जोडलेली नव्हती. तरी दोनशेहून अधिक वर्षे ही नोंद कोणाला खोडता आली नाही. पुढे १८७६ साली फ्रेंच गणिती लुका यांनी, एकही अवयव हाती आलेला नसताना, निव्वळ तिच्या अंगच्या गुणधर्मांची परीक्षा करून, ही संख्या मूळ नव्हे असे सिद्ध केले. वाड्यात तळघर आहे हे निश्चित कळावे, पण त्याचे दार मात्र कोठेच दिसू नये, तशी ही अवस्था होती. लसावि-मसाविच्या उदाहरणांत रमलेल्या आपल्या मुलांना ही अवस्था ठाऊकच होत नाही, कारण बारा काय, एकशे वीस काय, त्या संख्यांचे अवयव पाढ्यांतच सापडतात, आणि संख्या संयुक्त आहे हे कळणे व तिचे अवयव कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही शंकाही त्यांना शिवत नाही.

दार सापडले ते फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकन प्राध्यापकांना. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथील गणितज्ञांच्या सभेत ते फळ्यापाशी गेले, एक अक्षर न बोलता त्यांनी ही संख्या मांडली, शेजारी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार केला, आणि दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळताच सभागृहात टाळ्यांचा गजर झाला, असे सांगतात. तीन वर्षांचे रविवार या शोधात खर्ची पडले, असेही त्यांच्या तोंडचे म्हणून सांगितले जाते. हे अंधारात चाचपडणे नव्हते. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या कोणत्या तरी पटीहून एकाने अधिक असलाच पाहिजे, हा नियम ठाऊक होता, आणि असल्याच नियमांच्या साह्याने शोधाचे क्षेत्र आकुंचित करीत जावे लागते.

२००२ साली कानपूरच्या आयआयटीत अग्रवाल, कयाल व सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही याचा निर्णय शीघ्र व निरपवाद देणारी रीत शोधली. अवयव मात्र तीही दाखवीत नाही, आणि मोठ्या संख्यांचे अवयव काढण्याच्या याच काठिण्यावर आज पेढ्यांच्या कित्येक गुप्त व्यवहारांची सुरक्षितता विसंबून आहे.

परंतु मला मोलाची वाटते ती रुजुवातीची सुलभता. जे शोधण्यास तीन वर्षे लागली, त्याची खातरजमा करण्यास मुलाला ना पदवी लागते, ना कोणाचा दाखला. नऊ टाकून ताळा पाहावा, तर दोन्ही अवयवांची व मूळ रकमेची बाकी एकच येते. आणि तेवढ्याने समाधान न झाल्यास पूर्ण गुणाकार करावा. लहान अवयवात एक शून्य असल्याने गुणाकाराच्या आठच ओळी मांडाव्या लागतात, आणि त्याच्यात सात तीनदा व एक दोनदा आल्याने खऱ्या अर्थाने नव्या अशा पाचच.