फिजिओच्या हातात टीम

इंग्लिश फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे प्रीमियर लीगच्या खाली कोणी बघत नाही. त्यामुळे नायजेल अ‍ॅडकिन्स हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. मॅनेजर निवडताना नाव बघावं की काम, हा वाद निघाला की मला मात्र हाच माणूस आठवतो.

ट्रॅनमिअर रोव्हर्स आणि विगन अ‍ॅथलेटिकचा हा गोलकीपर. दोन्ही क्लब तेव्हा खालच्या डिव्हिजनमध्ये. मग वेल्समध्ये बँगर सिटीचा खेळाडू-मॅनेजर झाला आणि 1994, 1995 अशी लागोपाठ दोनदा लीग जिंकली. आणि त्यानंतर? स्कंथॉर्प युनायटेडमध्ये फिजिओ. हो, पाय मुरगळला की बॅग घेऊन मैदानात धावणारा.

2006 मध्ये त्यांचा मॅनेजर ब्रायन लॉज अर्ध्या सीझनमध्ये शेफिल्ड वेन्सडेला गेला. क्लबने तात्पुरती जबाबदारी फिजिओवर टाकली, मग कायमची. लोक हसले असतील, हसू द्या. त्याच सीझनमध्ये स्कंथॉर्पने 91 गुणांसह लीग वन जिंकली. फिजिओ असताना मोरिन्यो कशाला, असं गाणंच प्रेक्षकांनी रचलं.

लगेच 30 गोल मारणारा बिली शार्प विकला गेला आणि 2008 मध्ये टीम खाली घसरली. इथे बहुतेक क्लब मॅनेजरला घरी पाठवतात. स्कंथॉर्पने ठेवला. 2009 मध्ये वेम्बलीवर मिलवॉलला 3-2 हरवून टीम परत वर. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच, कारण पुढे साउथॅम्प्टनमध्ये पैसा होता, लॅम्बर्ट-लालानासारखे खेळाडू होते. तरी तिथेही लागोपाठ दोन सीझनमध्ये दोन बढत्या म्हणजे गंमत नाही राव. 2012 मध्ये, सात वर्षांनी साउथॅम्प्टन प्रीमियर लीगमध्ये आलं.

आणि जानेवारी 2013 मध्ये त्याला काढलं. दोनच दिवस आधी चेल्सीच्या मैदानावर 0-2 वरून 2-2 बरोबरी केली होती. टीम पंधराव्या नंबरवर, म्हणजे घसरणीच्या रेषेच्या वर. जागी आला मॉरिसियो पोचेत्तिनो, सुरुवातीला दुभाषा घेऊन बोलणारा.

आता कोणीतरी म्हणणारच, पोचेत्तिनोने पुढच्या सीझनमध्ये आठवा नंबर काढला की! काढला, मान्य. पण हे जानेवारीत कोणाला माहीत होतं? त्या दिवशी समोर होतं ते एका माणसाचं अडीच वर्षांचं काम, आणि ते पुरलं नाही. बढती मिळवून देणारा तो ‘खालच्या लीगचा माणूस’, वरच्या लीगसाठी वेगळा माणूस हवा, हा हिशेब मला पटत नाही. स्कंथॉर्पने दिला तेवढा धीर साउथॅम्प्टनने दिला असता तर काय झालं असतं, ते कळायची संधीच ठेवली नाही.

नंतर रेडिंग, शेफिल्ड युनायटेड, हल, चार्लटन. कुठेच तसं जमलं नाही, तेही सांगायला हवं. 2023 मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो मॅनेजर म्हणून पुन्हा ट्रॅनमिअरच्या बाकावर बसला. चौथ्या डिव्हिजनमध्ये.