दाखल्यापायी शाळा सुटू नये



३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत आली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. आमच्या बेंबळीत माणसे लेकरे घेऊन रस्त्यावर आली. पण किल्लारी, सास्तूर भागात गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. हजारो माणसे दगावली. वाचलेल्यांसाठी पत्र्याची शेडे उभी राहिली. देशभरातून धान्य, कपडे, औषधे आली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. हे काम मोठेच होते. पण प्रत्येक लेकरापर्यंत हात पोचला नाही.

आमची मावसबहीण तेव्हा सातवीत होती. मावशी ढिगाऱ्याखाली गेली. शेडमध्ये धाकटी भावंडे सांभाळणे, टँकरवर घागरी भरणे तिच्या वाट्याला आले. दिवाळीनंतर वडिलांनी तिला आमच्याकडे आणले. एका शाळेत नाव घालायला गेलो, तर उत्तर आले, "दाखला आणा." दाखला होता त्या शाळेचे कपाटच मातीत गाडले गेले होते. वडिलांनी तीन खेपा घातल्या. वर्ष वाया गेले. पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न उरकले. तिला भाकर देणारे पुष्कळ भेटले, शाळेत बसवून घेणारे कोणी भेटले नाही.

आज आम्ही कारकुनी करतो. कागदाची किंमत आम्हाला कळते. म्हणूनच सांगतो, आता कायदा लेकराच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. त्याला वयानुसार वर्गात बसवायचे असते.

भूकंप रोज होत नाही. पण आपल्या जिल्ह्यातली कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात, कारखान्याच्या तळावर कोपीत राहतात. त्यांच्या लेकरांची शाळा दरवर्षी तुटते. गावीच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, तिची चौकशी वेळेवर करावी. आधी राहण्या-जेवणाची सोय, मग अभ्यास, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ सालीच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले.

तेव्हा आपल्या वस्तीजवळ परगावचे कुटुंब पालावर उतरले, तर पीठ-मीठ द्याच, पण विचारा, "लेकरे किती? शाळेत जातात का?" त्यांच्याबरोबर शाळेत जा. दाखल्यावरून अडवले तर नम्रपणे कायदा सांगा. तरीही नाही ऐकले, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

आमच्या बहिणीसाठी हे कोणी केले नाही. दुसऱ्याच्या लेकीसाठी आपण करू या.

जयभीम.