सल्ला कुणाला, सातबारा कुणाचा?

आषाढाच्या सरी लागल्या की भोर आणि वेल्हे तालुक्यांतील खाचरांत भाताची आवणी सुरू होते. चिखलणी पुरुषाची, रोपे उपटणे आणि लावणे बायकांचे. दिवसचे दिवस घोटाभर पाण्यात वाकून राहणारी ही श्रमशक्ती सरकारी दप्तरात मात्र बहुधा ‘शेतकरी’ नसते. (वेल्ह्याचे नाव शासनाने बदलून राजगड केले; नोंदी बदलण्याची हीच तत्परता सातबाऱ्यावरही दिसती तर बरे झाले असते.) २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील जेमतेम १४ टक्के वहितीखाती स्त्रियांच्या नावे होती. त्यामुळे सुरक्षिततेचा आणि व्यवसायाचा सल्ला देणाऱ्या शेतकरी मेळाव्याला खातेदार जातो, आणि जिला धोका आहे ती खाचरातच राहते.

सल्ला निरुपयोगी असतो असे नव्हे. साप चावला तर हातपाय हलू न देता, दोरी करकचून न बांधता, जखम न कापता, प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. भगताकडे घालवलेला तास जिवावर बेतू शकतो. ढग गडगडू लागताच पाण्यातून बाहेर पडून पक्क्या घरात जावे, इरले पांघरून झाडाखाली थांबू नये. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप पुण्याच्याच हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. पण मोबाइल घरधन्याच्या खिशात असेल आणि धरणाच्या फुगवट्याकडेच्या वाडीत त्याला रेंज नसेल, तर त्या शास्त्राचा आवणी करणारीला काय उपयोग? मळणी यंत्रासाठी १९८३ चा धोकादायक यंत्रे नियमन कायदा आहे. यंत्रापाशी पदर खोचावा, केस बांधावेत हे सांगितलेच पाहिजे. पण हात आत ओढला जाणार नाही अशी घमेली यंत्राला आहे की नाही, हे यंत्रमालकालाही विचारले पाहिजे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हाही दोष ‘मास्क न लावणाऱ्यां’च्या माथी मारण्याची घाई झालीच होती.

अपघात झाल्यावर काय? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २०२३ पासून मृत्यूसाठी दोन लाख रुपयांची तरतूद आहे. सर्पदंश आणि वीजही त्यात येतात. लाभ खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेल्या एका व्यक्तीला. ही व्यक्ती कोण, तर आई-वडील, पती वा पत्नी, मुलगा किंवा अविवाहित मुलगी. या यादीत सून नाही. जमीन सासऱ्याच्या नावे आणि आवणी सुनेची, ही तर घरोघरची रीत! भूमिहीन कातकरी मजूर बाईचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

व्यवसायाच्या सल्ल्याचीही हीच गत. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेल्या इंद्रायणी वाणाला पुण्यात नाव आहे. तरीही सुगीत पैशाची नड असल्याने भात मिळेल त्या भावाने जाते आणि तांदळाचा नफा गिरणीपलीकडे राहतो. यावर पणन मंडळाची तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे: भात बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी. माल मात्र स्वतः पिकवलेला हवा, आणि त्याचा पुरावा पुन्हा सातबाराच.

त्याहून मूलभूत गोष्ट हिशेबाची आहे. केंद्रीय कृषी मूल्य आयोग घरच्यांच्या श्रमाचे मूल्य उत्पादनखर्चात धरतो. घरच्या वहीत मात्र ते शून्य असते. बियाणे, खत, टिलरचे भाडे लिहिले जाते; सासू-सुनेची आवणी, बेणणी, कापणी, झोडणी आणि सावडीने फेडलेले दिवस लिहिले जात नाहीत. मग मिळेल तो भाव फायद्याचाच दिसतो, आणि व्यापाऱ्याला मिळणाऱ्या स्वस्त भाताची किंमत बाईच्या कंबरेतून वसूल होते. कार्यकर्त्यांनी सुरुवात या वहीपासून करावी. एका हंगामाचे मजुरीचे दिवस चालू दराने लिहून पाहिले तरी घराघरांत चर्चा सुरू होईल.

शरद जोशींच्या अर्थकारणाशी समाजवाद्यांचे कधी पटले नाही; पण लक्ष्मीमुक्तीचे श्रेय त्यांच्या संघटनेला दिलेच पाहिजे. त्याच आंदोलनातून आलेल्या १९९२ च्या शासननिर्णयानुसार पती तलाठ्याकडे अर्ज करून पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावू शकतो. मात्र सारे पतीच्या मर्जीवर, आणि सासऱ्याच्या जमिनीत सून पुन्हा बाहेरच. डॉ. स्वामिनाथन यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत मांडलेले खासगी विधेयक यापुढे गेले होते. जमीन नावावर असो वा नसो, शेती करणाऱ्या स्त्रीला ग्रामसभेच्या संमतीने शेतकरी असल्याचा दाखला द्यावा, असे ते म्हणत होते. विधेयक पुढच्याच वर्षी बारगळले. ते पुन्हा मांडले जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे महिला शेतकरी वर्ष ठरवले आहे. भोर-वेल्ह्यातील ग्रामसभांनी आपापल्या गावच्या शेतकरी स्त्रियांची, सुना आणि मजूर बायांसह, नावनिशीवार यादी करून ठराव मंजूर करावा आणि अपघात अनुदानात त्यांचा समावेश व्हावा या मागणीसह तो तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यावा.