मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय ना!

आमच्या गावातून त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचे म्हणजे एसटीचा दीड तासाचा प्रवास, तिथे नंबर लावून बसणे आणि एका दिवसाची मजुरी बुडणे. त्यामुळे रुग्णाच्या संमतीने चट्ट्याचा फोटो किंवा रिपोर्ट मोबाइलवरून तज्ज्ञांना पाठवायचा आणि त्यांच्या सल्ल्याने औषध द्यायचे, हा आम्हा फॅमिली डॉक्टरांचा आता नेहमीचा शिरस्ता झाला आहे. मार्च २०२० मध्ये सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे काढली. एका डॉक्टरने दुसऱ्याचा असा सल्ला घ्यायला त्यात मुभा आहे. मात्र उपचाराची जबाबदारी रुग्ण ज्याच्या हाताखाली आहे त्या डॉक्टरचीच राहते. ही दुसरी गोष्ट बहुतेक रुग्णांना ठाऊक नसते. मीही ती एकदा विसरलो होतो.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ कमरेभोवती पसरलेले गजकर्ण घेऊन आले. दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइड मिसळलेले मलम चोळून त्यांनी ते आणखीच वाढवले होते. (या मलमांवर एक स्वतंत्र लेख लिहावा लागेल.) मी फोटो पाठवला, सोबत दोन ओळी. तासाभरात उत्तर आले, इट्राकोनॅझोलच्या गोळ्या द्या. मी दिल्या.

दहाव्या दिवशी गृहस्थ परत आले. पाय सुजून चपला मावत नव्हत्या, दवाखान्याच्या चार पायऱ्या चढताना धाप लागली होती. त्यांना पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला होता आणि हृदय कमजोर झाले होते. अशा रुग्णाला गजकर्णासाठी हे औषध देऊ नये. मी तज्ज्ञांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, हार्टचं तुम्ही लिहिलंच नव्हतं."

खरेच लिहिले नव्हते. वय लिहिले, चट्टा किती दिवसांचा ते लिहिले, मधुमेह नाही असे लिहिले. अटॅकची नोंद माझ्याच कपाटातल्या केसपेपरवर होती आणि गर्दीत तो मी काढलाच नव्हता. गोळ्या बंद केल्या, त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल करावे लागले. पाच दिवसांनी ते घरी आले. मी चूक सांगितली तेव्हा "होतं असं" म्हणाले, पण त्यांच्या पत्नी काही बोलल्या नाहीत.

फोटोत कातडी दिसते, माणूस दिसत नाही. तज्ज्ञ उत्तर देतात ते माझ्या प्रश्नाला. म्हणून आता केसपेपर समोर ठेवूनच मी प्रश्न लिहितो आणि उत्तर आल्यावर ते पुन्हा त्याच केसपेपरशी ताडून पाहतो.

एका आजींची साखर वाढली तेव्हा तज्ज्ञांनी ग्लिमेपिराइडचा डोस वाढवायला सांगितले. रिपोर्टप्रमाणे सल्ला बरोबर होता. पण आजी एकट्या राहतात आणि सोमवार, चतुर्थी, एकादशी एकही सोडत नाहीत. ही गोळी उपाशीपोटी साखर धोकादायकरीत्या खाली आणू शकते. मी तसे कळवले, तज्ज्ञांनी गोळीच बदलून दिली. रात्री मुलाचा पुण्याहून फोन आला, "काका, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्ही कसं बदललंत?" म्हटले, अरे बाबा, बदलले त्यांनीच, तुझ्या आईचे उपास कळल्यावर!

छातीत दुखत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ईसीजीचा फोटो पाठवतो, पण उत्तराची वाट पाहत बसत नाही. त्याआधीच १०८ ला फोन लावलेला असतो.

वाचकांना एवढीच विनंती, की दवाखान्यात येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर आणा, वैद्यांची चूर्णेसुद्धा. जुने आजार आणि उपासतापास न विचारता सांगा. परवा एका आजोबांनी पिशवीच टेबलावर उपडी केली. त्यात शेजाऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या निघाल्या, "त्याला गुण आला" म्हणून महिनाभर घेत होते. तज्ज्ञांना पाठवलेल्या मजकुरात मी त्या सर्वांत वर लिहिल्या.