‘पुणे मध्ये’ कुठून आलं?

बंगळूरच्या बसवनगुडी भागात, बुल टेंपल रोडवर, नरसिंहराजा कॉलनीच्या बाजूला एक संस्था आहे. तिचं कन्नड नाव ‘गोखले सार्वजनिक विचार संस्थे’. शेवटचा एकार सोडला तर मराठी माणसाला त्यात काहीच परकं नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला, आणि सार्वजनिक कामाला अभ्यासाची बैठक हवी हा त्यांचा आग्रह कन्नड लेखक डी. व्ही. गुंडाप्पांनी १९४५ साली या संस्थेच्या रूपाने बंगळूरमध्ये रुजवला. विचार पुण्याहून आला, पण इथे तो कन्नड बोलू लागला.

या शहरात रोज लिहिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरकडून हीच अपेक्षा आहे. एका ठिकाणी केलेलं काम दुसरीकडे जावं आणि त्याने तिथली भाषा बोलावी. प्रत्यक्षात काय होतं ते मराठी वाचकाच्या हातातल्या फोनवर दिसतं: ‘पुणे मध्ये पाऊस’, ‘सातारा मध्ये उपलब्ध’, ‘ठाणे साठी तिकीट’. पुण्यात, साताऱ्यात, ठाण्यासाठी असं बोलणारा माणूस हे वाचतो आणि पुढे जातो. इतकी वर्षं पुढे जात राहिल्यामुळे आता काही जण तसं लिहूही लागले आहेत.

हे ‘पुणे मध्ये’ कुणा अडाणी भाषांतरकाराने केलेलं नाही. आजचं कोणतंही ॲप मुळापासून लिहिलं जात नाही. तारीख निवडायची चौकट, पैसे भरायचा पडदा, तक्रारीचा अर्ज, शोधाची खिडकी हे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, तयार मिळतात आणि दहा वेगवेगळ्या प्रकल्पांत बसवले जातात. प्रत्येक मॉड्यूलबरोबर त्याच्या शब्दांची फाइल येते: इंग्रजीची एक, कन्नडची एक, मराठीची एक. त्या फाइलीत मूळ लेखकाने गावाच्या नावासाठी रिकामी जागा ठेवलेली असते. इंग्रजीत गावाचं नाव कधी बदलत नाही, त्यामुळे त्याला ती जागा पुरेशी वाटते. मराठीत विभक्ती लागताना नावाचं सामान्यरूप होतं, आणि त्यासाठी मॉड्यूलमध्ये सोयच नसते. भाषांतरकारापुढे एकच वाट उरते: नाव जसंच्या तसं ठेवायचं आणि पुढे ‘मध्ये’ चिकटवायचं.

बसवनगुडीचा कन्नड माणूसही याच पेचात आहे. ‘बसवनगुडीत’ म्हणताना तो ‘बसवनगुडियल्लि’ म्हणतो आणि ‘म्हैसुरात’साठी ‘मैसूरिनल्लि’. एका नावाला ‘य’ जोडावा लागतो, दुसऱ्याला ‘इन’. हिंदीचं ‘में’ वेगळं उभं राहतं आणि गावांच्या बहुतेक नावांना हात लावत नाही, म्हणून हिंदीसाठी तपासलेलं मॉड्यूल ‘भारतीय भाषांसाठी तयार’ म्हणून पुढे ढकललं जातं. दुरुस्ती एकदाच आणि मॉड्यूलमध्येच करायची आहे. गावाच्या एका नावाऐवजी त्याची दोन-तीन रूपं ठेवायची जागा करा, मग मराठीने आपली रूपं भरावीत आणि कन्नडने आपली. हे अशक्य नाही. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत व्याकरणाची अशी सोय आहे, आणि फिनिशसारख्या विभक्तिबहुल भाषा तिचा उपयोग करतात.

एकच यंत्रणा आणि अनेक भाषा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या ‘इस्की’ संकेतप्रणालीत ‘क’चा क्रमांक देवनागरी आणि कन्नडसाठी एकच होता, लिपी बदलली की तोच मजकूर दुसऱ्या रूपात दिसे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ आजही एकाच कळीवर आहेत. युनिकोडने दोन्ही लिप्यांना वेगळी घरं दिली, पण घरातली मांडणी इस्कीच्याच वळणाची ठेवली. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांवर केलेलं काम याच पायावर उभं राहिलं. त्या पिढीने सामाईक काय आणि वेगळं काय याचा आधी विचार केला, मग यंत्र बनवलं.

आज तो विचार घाईत सुटतो. काही ठिकाणी शब्द कोडच्या पोटात लिहिलेले असतात, मग भाषांतरकाराचा हात तिथे पोहोचतच नाही. अँड्रॉइडच्या बऱ्याच तयार मॉड्यूलांबरोबर मराठी शब्दांची फाइल मुळातच येते. तरी ॲपचा आकार कमी करायला एका ओळीची सूचना देऊन इंग्रजीखेरीज सगळ्या भाषा काढून टाकता येतात, आणि काढल्या जातात. कुणीतरी मन लावून केलेलं मराठी काम वापरणाऱ्याच्या फोनपर्यंत येतच नाही. कुठे उलट होतं: ॲप सगळं इंग्रजीत आणि मधली एक चौकट अचानक मराठीत.

अक्षरांचंही तेच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या घळी. हा फरक ज्या ‘ऱ’वर टिकून आहे, तो युनिकोडच्या तक्त्यात द्राविडी भाषांतला एक उच्चार लिहिण्यासाठीचा म्हणून नोंदलेला आहे. आपल्या ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्या’ त्या दाक्षिणात्य अक्षराच्या अर्ध्या रूपाने लिहिल्या जातात. ‘ॲ’ला स्वतःचं स्थान मिळायला २००८ साल उजाडलं. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ अनेक देवनागरी फॉन्टांच्या पोटात असतात, पण मजकूर मराठी आहे असं ॲपने सांगितलं तरच ते बाहेर येतात. बहुतेक वेळा ॲप सांगत नाही.

हे नीट कसं करायचं याचं उदाहरण बंगळूरमध्येच आहे. २००३ साली नंदन नीलेकणी आणि श्रीकांत नादमुनी यांनी स्थापलेल्या ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनचा ‘डिजिट’ हा मंच खुला आहे. मालमत्ता कर, व्यवसाय परवाना, नागरिकांच्या तक्रारी अशी त्याची मॉड्यूल आहेत, आणि भाषेसाठी वेगळी सेवा आहे. प्रत्येक शब्दाची नोंद तिथे त्याच्या खुणेसह, मॉड्यूलसह, भाषेसह आणि तो कोणत्या राज्याचा किंवा शहराचा आहे यासह ठेवली जाते. तक्रारीचं तेच मॉड्यूल पंजाबच्या ‘एम-सेवा’त पंजाबी बोलतं आणि ओडिशाच्या ‘सुजोग’मध्ये ओडिया. शहराला आपला नेहमीचा शब्द हवा असेल तर कोडला हात न लावता तो बदलता येतो. इथल्याच आयआयआयटीत २०१८ साली सुरू झालेलं ‘मोसिप’ हे नागरिकांच्या ओळखनोंदणीचं खुलं सॉफ्टवेअर फिलिपिन्स आणि मोरोक्कोपर्यंत गेलं, म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या अरबीपर्यंत.

शब्द सामाईक करण्यात एक धोका मात्र खरा आहे. इंग्रजी ‘होम’ एका पडद्यावर मुखपृष्ठ असतं आणि मालमत्ता करात घर. ‘सेव्ह’ कुठे जतन करणं, कुठे बचत. ‘अप्लाय’ कुठे अर्ज करणं, कुठे लागू करणं. आधीच्या प्रकल्पातून शब्द डोळे मिटून उचलला की नागरिक अर्जाच्या जागी ‘लागू करा’ दाबत बसतो. म्हणून शब्दाबरोबर संदर्भही प्रवासाला निघाला पाहिजे. मीडियाविकीत त्यासाठी ‘क्यूक्यूक्यू’ या नावाची एक काल्पनिक भाषाच आहे: प्रत्येक वाक्य कुठे दिसतं, रिकाम्या जागी काय येतं, हे त्यात लिहिलेलं असतं. ट्रान्सलेटविकी या भाषांतराच्या संकेतस्थळावर मराठी भाषांतर करणारा स्वयंसेवक ते वाचून शब्द निवडतो, आणि त्याचं काम एका जागेवरून सगळीकडे पोहोचतं. विकिपीडियाच्याच लेखांत वापरली जाणारी मॉड्यूल मात्र एका भाषेतून दुसरीत नक्कल करून नेली जातात. त्यांतले शब्द कोडमध्ये मिसळलेले असले, की मूळ ठिकाणची दुरुस्ती मराठी नकलेत कुणीतरी पुन्हा हाताने आणावी लागते. एकाच घरात दोन्ही पद्धती आहेत आणि त्यांचा फरक कुणालाही दिसावा इतका ठळक आहे.

महाराष्ट्राने यातली पहिली पद्धत उचलावी. राज्याच्या भाषा संचालनालयाने ‘पदनाम कोश’ आणि ‘शासन व्यवहार कोश’ काढले ते याच गरजेतून: एका खात्यात ठरलेला शब्द दुसऱ्यात पुन्हा शोधावा लागू नये. २००८ साली पुण्यातून सुरू झालेल्या ‘फ्युएल’ प्रकल्पाने संगणकावर वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी तेच केलं. आता सरकारी ॲपच्या निविदेतच अट हवी, की मराठी शब्द वेगळ्या फाइलीत, प्रत्येकाच्या संदर्भासह, खुल्या परवान्याने राज्याच्या स्वाधीन करावेत. जनतेच्या पैशाने झालेलं भाषांतर कंत्राट संपताच कंपनीच्या संगणकात बंद होऊ नये. पुढच्या खात्याने ते विनामूल्य घ्यावं, सुधारावं आणि परत ठेवावं. गावातल्या सेवा केंद्रात अर्ज भरणाऱ्या बाईला तीन ॲपमध्ये तीन वेगळे मराठी शब्द भेटतात, तेव्हा ती चूक स्वतःचीच समजते. ही गोष्ट सरकारने मनाला लावून घ्यायला हवी.

सुरुवात छोटी असू शकते. राज्यात ३६ जिल्हे आहेत. त्यांच्या नावांची रूपं (पुण्यात, पुण्याला, पुण्याहून, धुळ्यात, धुळ्याला, धुळ्याहून) एका फाइलीत लिहायला मराठीचा एक शिक्षक आणि एक दुपार पुरेल. ती फाइल शासनाने आपल्या नावाने खुली ठेवावी, आणि तिच्या शेजारी कर्नाटकाने आपली ठेवावी, ज्यात बसवनगुडीपुढे ‘बसवनगुडियल्लि’ लिहिलेलं असेल.