वॉचमनवर नजर कोणाची?

परवा एका पतसंस्थेत चहाला बसलो होतो. मॅनेजर खुशीत होते. संस्थेचे कॉम्प्युटर इंटरनेटवर कुठं कुठं जोडले जातात, यावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं होतं. मी विचारलं, "साहेब, हे सॉफ्टवेअर स्वतः कुठं जोडलं जातं?" ते हसले. "कंपनी मोठी आहे हो, पत्रकार!"

मोठी कंपनी ही काही हमी नाही. अमेरिकेतल्या सोलरविंड्स कंपनीचं ओरायन हे नेटवर्कवर नजर ठेवणारंच सॉफ्टवेअर. मार्च २०२० पासून त्याच्या अधिकृत अपडेटमधूनच हॅकरांचा कोड सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत गेला. अमेरिकेच्या अर्थखात्यातही हॅकर शिरले. हे उघडकीला यायला डिसेंबर उजाडला.

मग ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता येतो ते सॉफ्टवेअर, सुरक्षितच का? तसंही नाही. लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या ओपन सोर्स साधनात २०२४ मध्ये चोरदरवाजा घुसवला गेलाच. पण लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला खटकलं. त्याला आत शिरून बघता आलं आणि पाचेक आठवड्यांत बिंग फुटलं. दोन उदाहरणांवरून नियम ठरत नाही, मान्य. पण शंका आलेल्या माणसाला परवानगी न मागता तपासता येणं, हा फरक लहान नाही.

"आम्हाला कुठं कोड वाचता येतो?" असं म्हणाल. मलाही येत नाही. पण माहितीच्या अधिकाराचा अर्ज तरी गावात किती जण टाकतात? एखादाच. फायदा मात्र सगळ्या गावाला होतो. राळेगणसिद्धीच्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको.

पतसंस्थेतला पैसा शेतकऱ्याचा, दूधवाल्याचा, पेन्शनरचा आहे. म्हणून संचालकांनी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. कोड तपासता येतो का? आमची कोणती माहिती बाहेर जाते आणि कुठं? हे लेखी देता का? शिवाय वायरशार्क हे ओपन सोर्स साधन फुकट मिळतं. संस्थेच्या परवानगीनं जाणकार पोरानं दिवसभर बसून पाहिलं, तर ते सॉफ्टवेअर काय बोलतंय हे नेहमी कळणार नाही, पण कोणत्या सर्व्हरशी बोलतंय हे दिसेल.

वार्षिक सभेत आपण ताळेबंदावर प्रश्न विचारतो, लाभांशावर भांडतो. यंदा हाही एक प्रश्न विचारा. वॉचमन ठेवला, चांगलं केलं. पण त्याच्या खिशात कोणाकोणाच्या किल्ल्या आहेत, ते कोणी बघितलंय का?